डोस दिल्यावर पोराचा पाय लुळा पडला. भरपाई कुणाकडे मागायची?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं घेऊन:

वकीलताई, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत आहेत, मी घरी शिलाई करते. मुलगा आता सव्वातीन वर्षांचा आहे. एकोणीस महिन्यांचा असताना त्याला दीड वर्षाचा डोस द्यायला एका खासगी दवाखान्यात नेलं. सरकारी डोसानं ताप येतो म्हणून पैसे भरून बिनतापाचा डोस घ्यायचं ठरलं होतं. साडेतीन हजार फोनवरून पाठवले. डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटजवळ होते. तिथल्या मुलीनं त्याला माझ्या खांद्यावर पालथं धरायला लावलं आणि डाव्या कुल्ल्यात सुई दिली. तसा तो कधी ओरडला नव्हता. संध्याकाळी उभा करायला गेले तर डावं पाऊल नीट टेकेना, लोंबायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, आठ दिवसांत उतरेल. नवव्या दिवशी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुढे कळवलं, मग महापालिकेची माणसं घरी येऊन दोनदा संडासचा नमुना घेऊन गेली. दोन महिन्यांनी परत येऊन त्याला चालवून बघितलं. कशासाठी ते कळलं नाही. तीन आठवड्यांनी नसेची तपासणी झाली, त्यात पायाच्या नसेला इजा निघाली. तेव्हापासून व्यायाम, पट्टा, फेऱ्या चालूच आहेत. त्याच्या डाव्या बुटाचं टोक महिन्यात झिजतं, उजवा बूट नवा कोरा राहतो. बालवाडीच्या गॅदरिंगला बाईंनी त्याला नाचात घेतलं नाही.

ते पहिले डॉक्टर इतके दिवस "थांबा, बघू, माणुसकीनं काहीतरी करू" म्हणत होते. आता पंचवीस हजार देतो, कागदावर सही करा म्हणतात. दीर म्हणतात लस कंपनीवर एक कोटीची केस टाका, अमेरिकेत असे पैसे मिळतात. मिस्टरांचे मित्र म्हणतात दवाखाना फोडू. सासूबाई म्हणतात, यापुढे एकही डोस नको. मी काय करू? त्याला तिथं मीच नेलं होतं.

एक आई, फुलेवाडी

ताई,

सगळ्यात आधी तारीख. डोस दिला त्या दिवसापासून वीस महिने झालेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रार दाखल करायला दोन वर्षं मिळतात. म्हणजे तुमच्या हातात चार महिने आहेत. पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टींचा विचार सावकाश करता येईल, ही एक सोडून.

हे एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी राधानगरीकडचे एक वडील माझ्याकडे आले होते. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, आत सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. मुलीच्या उपचारातली चूक त्या कागदांवरून वाचता येत होती. पण अडीच वर्षं होऊन गेली होती. का थांबलात विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर म्हणत होते, जरा थांबा, आपण बसून मिटवू." विलंब माफीचा अर्ज दिला, तो नामंजूर झाला. त्या पिशवीतला एकही कागद कुणी उघडून बघितला नाही. "थांबा, बघू" या तोंडी शब्दानं मुदत एक दिवसही वाढत नाही. पुरेसं कारण दाखवलं तर ग्राहक आयोग उशीर माफ करू शकतो, हे खरं. पण वेळ हातात असताना तुम्ही त्या माफीच्या भरवशावर राहू नका.

कुणी असंही सांगेल की मुलगा अज्ञान, म्हणजे कायद्यानं वयात न आलेला आहे, तो अठरा वर्षांचा होईपर्यंत मुदत चालते. दिवाणी दाव्यांच्या मुदतीच्या कायद्यात अज्ञान मुलांसाठी तशी सवलत आहे. तिच्यावर विसंबून ग्राहक आयोगातली दोन वर्षं घालवणं म्हणजे पोराचा हक्क पणाला लावणं. शिवाय तुम्ही दोघांनी केलेला खर्च, बुडालेले पगार, ही तुमची स्वतःची मागणी आहे. तुम्ही सज्ञान आहात, तुम्हाला ती सवलत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही, दीर, सासूबाई, सगळेच "लसीमुळे झालं" म्हणताय. मला तुमच्या पत्रात लसीची चूक कुठे दिसत नाही. मला दिसते ती सुईची जागा. कुल्ल्यातून एक जाड नस मांडीच्या मागून खाली पायाकडे उतरते, तिला सायटिक नर्व्ह म्हणतात. दीड वर्षाच्या मुलाच्या कुल्ल्यात मांस किती असणार? सुई त्या नसेत किंवा नसेला लागून गेली तर पाऊल वर उचलायची ताकद जाते. डॉक्टर त्याला फुट ड्रॉप म्हणतात. पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीला घासतात. बुटाचं टोक झिजतं ते त्यामुळे. म्हणूनच लहान मुलांना लस कुल्ल्यात द्यायची नाही, हे लसीकरणाच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. सरकारी वेळापत्रकात दीड वर्षाच्या डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरची जागा मांडीच्या मध्यावर, पुढून बाहेरच्या अंगाला दिलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ती हात ठेवून जागा दाखवेल.

हा फरक शब्दांचा नाही. तुमची सगळी केस त्याच्यावर उभी राहणार आहे. लसीनं इजा झाली असं म्हणालात तर लसीच्या शास्त्रात शिरावं लागेल. समोरचा वकील म्हणेल, हीच लस लाखो मुलांना दिली, त्यांना काही झालं नाही, आणि ते खरंच असेल. टोचणाऱ्यानं जागा चुकवली असं म्हणालात तर प्रश्न लहान होतो: सुई कुठे दिली, कुणी दिली, पाय कधीपासून पडला. या तिन्हींची उत्तरं तुमच्या पत्रातच आहेत. ती आता कागदावर आणायची.

लसीकरणानंतर गंभीर त्रास झाला तर त्याची नोंद आणि तपास करायची सरकारची एक व्यवस्था आहे, तिला एईएफआय म्हणतात. जिल्हा, राज्य आणि देश अशा तीन पातळ्यांवर तिच्या समित्या असतात. इस्पितळात दाखल व्हावं लागलं, अपंगत्व आलं, मृत्यू झाला, तर प्रकरण गंभीर धरतात. तपासानंतर कारण ठरवतात: लसीच्या घटकामुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, लस देण्यातल्या चुकीमुळे, टोचून घेण्याच्या भीतीमुळे, की योगायोगानं त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या आजारामुळे. "लस देण्यातली चूक" हा तिथे वेगळा वर्ग आहे, आणि तुमचं प्रकरण तिथे बसतं असं मला वाटतं. खासगी दवाखान्यानंही अशी घटना कळवायची असते. त्यांनी कळवली नसावी. तुम्ही महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदणीसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांकही आहे. या समित्या भरपाई देत नाहीत, दोषी ठरवणं हेही त्यांचं काम नाही. पण त्यांचा शेरा तुमच्या बाजूचा पुरावा होऊ शकतो.

आता त्या संडासच्या नमुन्यांबद्दल. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे, आणि तुम्ही तो "कशासाठी ते कळलं नाही" म्हणून सोडून दिलात. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की तो पोलिओ नाही ना हे तपासलंच जातं. आपल्या देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी ही पाळत थांबलेली नाही. पाय पडल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतरानं दोन नमुने घेतात, आणि साठ दिवसांनी पुन्हा येऊन पाय बघतात. तुमच्याकडे झालं ते हेच. याला एएफपी तपासणी म्हणतात. प्रत्येक मुलाचा त्यात एक फॉर्म भरतात. पाय कधी पडला, कुठला पडला, ताप होता का, त्या पायात आधी इंजेक्शन दिलं होतं का, हे सगळं आईबापाला विचारून लिहितात.

हा फॉर्म पहिल्या पंधरवड्यात भरलेला आहे. तेव्हा तुमच्या डोक्यात केस नव्हती, पैसे नव्हते, डॉक्टरांशी भांडण नव्हतं. लिहून घेणारा माणूस सरकारी, त्याला तुमच्याशी ना देणं ना घेणं. "डाव्या कुल्ल्यात इंजेक्शन, त्याच संध्याकाळपासून डावा पाय" एवढी एक ओळ त्यात सापडली तर वीस महिन्यांनंतर तुम्ही बनवून सांगताय असं कुणाला म्हणता येणार नाही. आयोगापुढे मी असाच कागद आधी ठेवते, जो लिहिला गेला तेव्हा कुणाच्याही मनात पैसा नव्हता. तो मिळवा. महापालिकेच्या आरोग्य विभागात माहिती अधिकाराचा अर्ज द्या, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "माझ्या मुलाच्या एएफपी तपासणीचा फॉर्म, नमुन्यांचा अहवाल आणि साठ दिवसांच्या तपासणीचा अहवाल यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात" एवढंच लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून अर्ज याच आठवड्यात जायला हवा.

दुसरा अर्ज त्या दवाखान्याला, मुलाच्या केसपेपरची प्रत मागणारा. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात, आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. तोंडी मागू नका, रजिस्टर पोस्टानं मागा आणि पावती जपा. दिल्या तर चांगलंच. नाही दिल्या तर "मागूनही दिल्या नाहीत" हा तुमच्या तक्रारीतला एक परिच्छेद झाला. फाइलमध्ये लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असलं तर त्याची प्रत नक्की घ्या. डोसाच्या कार्डावर त्यांचा शिक्का, सही, तारीख आहे का बघा, आणि कार्ड आता कुणाच्याही हातात मूळ स्वरूपात देऊ नका. झेरॉक्स द्या.

बिल नाही याची चिंता नको. फोनवरून पाठवलेले साडेतीन हजार बँकेच्या उताऱ्यात दिसतील. तो उतारा शिक्का मारून घ्या. त्या साडेतीन हजारांमुळे तुम्ही कायद्यानं ग्राहक ठरता.

आणि बूट टाकू नका. झिजलेले जेवढे जोड घरात असतील तेवढे, न धुता, पिशवीत घालून, कुठल्या महिन्यात घेतले त्याची चिठ्ठी लावून ठेवा. पोराला अनवाणी, फरशीवर, पुढून, मागून आणि बाजूनं चालवून फोनवर चित्रण करा. डोसाच्या आधीचे, तो धावतोय असे व्हिडिओ कुणाच्या तरी फोनमध्ये असतीलच. वाढदिवसाचे, रंकाळ्यावरचे, जत्रेतले, मामाच्या फोनमधले सुद्धा. ते शोधा. पाय आधी चांगला होता हे तुम्हालाच दाखवावं लागणार आहे.

इथे एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मला नको, तुमच्या वकिलाला द्या, पण खरं द्या. त्या नऊ दिवसांत ताप आला म्हणून किंवा पोर रडतंय म्हणून दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात त्याला कुल्ल्यात इंजेक्शन दिलं होतं का? आपल्याकडे डोसानंतर ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरकडे नेऊन एक सुई मारून आणायची सवय आहे. असं झालं असेल तर समोरचा वकील ते शोधून काढणारच, आणि ते त्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आलं तर तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल. पाय त्याच संध्याकाळी पडला होता, त्यामुळे नंतरच्या सुईनं तुमची बाजू संपत नाही. ती लपवलीत तर मात्र संपेल.

तक्रार करायची ती कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात, ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो. तक्रारदार म्हणून मुलगा, "अज्ञान पालनकर्ती आई" म्हणून तुम्ही, आणि तुम्ही दोघं स्वतःही. नव्या कायद्यात आयोगाची मर्यादा तुम्ही भरलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असला की जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीची फी नाही. तुमचा मोबदला साडेतीन हजार, म्हणून फी शून्य. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण वैद्यकीय प्रकरणात लावा. परवडत नसेल तर कसबा बावडा रोडवरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया आणि लहान मुलं यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

सामनेवाला म्हणून डॉक्टर आणि दवाखाना. सुई देणाऱ्या मुलीवर राग आहे हे समजतं, पण ती तिथली नोकर. तिला हाताखाली ठेवणारा आणि तिच्यावर सोडून आत बसणारा जबाबदार असतो. नर्सनं दिलेल्या चुकीच्या इंजेक्शननं एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाल्याचं स्प्रिंग मेडोज हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. १९९८ च्या त्या निकालात मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना वेगळे पाच लाख कायम झाले. मुलाबरोबर आईबापही ग्राहक आहेत, त्यांच्या दुःखाचीही भरपाई होते, हे त्यात स्पष्ट झालं. मी ते आकडे मोठी आशा दाखवायला सांगत नाही. त्या मुलाची इजा फार मोठी होती. सांगते ते यासाठी की कागदावर तुमचं आणि मिस्टरांचं नावही तक्रारदार म्हणून असू द्या.

वाईट परिणाम झाला म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं कोर्ट मानत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात मोजपट्टी ठरलेली आहे: त्या कामातल्या साधारण कुशल माणसानं जी काळजी घेतली असती ती घेतली का? तुमच्या बाजूला इथेच बळ आहे, कारण टोचायची जागा हा मतभेदाचा विषय नाही. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं असंही म्हटलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही. तरी मी म्हणेन, आता उपचार करणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून दोन ओळींचं पत्र मागा: इजा कुठल्या नसेला, ती कुल्ल्यातल्या इंजेक्शनशी जुळते का. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात, हा माझा नेहमीचा अनुभव. म्हणून "त्यांची चूक आहे" असं लिहून मागू नका, फक्त इजेचं वर्णन मागा. तेवढं बहुतेक जण देतात.

किती मागायचं? एक कोटी म्हणायला सोपं आहे, पण आकड्याखाली हिशोब हवा. आतापर्यंतची औषधं, तपासण्या, व्यायामाच्या फेऱ्या, रिक्षा-केएमटी बसचं भाडं, मिस्टरांचे बुडालेले दिवस, तुमची थांबलेली शिलाई. पुढचं: पाय वाढेल तसा पट्टा बदलावा लागेल, कदाचित ऑपरेशन. त्यानंतर अपंगत्व आणि मनस्ताप. तुमचं शिलाईचं माप लिहायचं वही-पुस्तक असेलच. कोणत्या दिवशी काम परत केलंत हे त्यातून निघालं तर तोही पुरावा. सीपीआर या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. टक्केवारी कमी आली तरी काढा.

पंचवीस हजारांचा कागद सही करू नका. त्यात "यापुढे कुठलीही तक्रार नाही" ही ओळ असणारच. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाच्या वतीनं तडजोड करायची झाली तर आईवडिलांनाही कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, कारण अडचणीत सापडलेला बाप पोराचा हक्क स्वस्तात सोडून देऊ शकतो हे कायद्याला माहीत आहे. मिटवायला माझा विरोध नाही, मी स्वतः कितीतरी प्रकरणं मिटवली आहेत. पण आधी तक्रार दाखल करा, मग आयोगातच मध्यस्थीनं मिटवा. तिथे जे ठरेल त्यावर आयोगाचा शिक्का असेल. त्यांनी कागद पुढे केला तर फोनवर फोटो काढून घ्या आणि परत करा.

तुमच्या दिरांनी सांगितलेली अमेरिकेतली गोष्ट खरी आहे. तिथे १९८६ साली कायदा झाला. लसीच्या प्रत्येक डोसावर, त्यातल्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर घेतात, तो निधीत जातो, आणि लसीनं इजा झालेल्याला कुणाची चूक सिद्ध न करता त्यातून पैसे मिळू शकतात. खांद्यात सुई चुकीच्या जागी गेल्यानं झालेली इजाही त्यांच्या यादीत आहे. असा निधी आपल्याकडेही असावा असं मला मनापासून वाटतं. सगळ्या समाजाच्या भल्यासाठी मुलांना टोचून घ्यायचं आणि एखाद्याला इजा झाली तर त्याच्या आईनं एकटीनं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, हे बरोबर नाही. पण नेहमीच्या बाळ-लसींसाठी आपल्याकडे तसा कायदा नाही, आणि तिकडचा निधी तिकडे दिलेल्या लसींसाठी आहे. कोविडच्या लसीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला वादही तुमच्या कामाचा नाही.

कंपनीला ओढायचं कारण मला दिसत नाही. उत्पादनातल्या दोषासाठी कंपनीवर दावा करायची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे, पण दोष बाटलीत नव्हता. उलट लसीच्या खोक्यात जे माहितीपत्रक असतं त्यावर टोचायची जागा छापलेली असते. ते मिळवा आणि तक्रारीला जोडा. या प्रकरणात कंपनीचा कागद तुमच्या बाजूनं बोलेल.

मिस्टरांच्या मित्रांना आजच थांबवा. महाराष्ट्रात २०१० पासून दवाखान्यावरच्या हल्ल्याचा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. एक काच फुटली की तुम्ही तक्रारदार राहणार नाही, आरोपी व्हाल. डॉक्टरांचं नाव घालून फोनवर संदेश फिरवणंही नको.

हे वाचून कुणी म्हणेल, आमच्या बाळाला तर अंगणवाडीत फुकट डोस दिला होता, मग आम्ही काय करायचं? थोडक्यात सांगते. पूर्णपणे मोफत सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. तिथे सरकारला दोन महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी दावा करावा लागतो. सरकार सुटत नाही: औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून एक बाई गेली, तिच्या माणसांच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सरकारला जबाबदार धरलं. मधली तेहतीस वर्षं बघा, म्हणजे तुमच्या साडेतीन हजारांनी तुम्हाला किती जवळचा दरवाजा उघडून दिलाय ते कळेल. आता कोल्हापुरात सीपीआरजवळ उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय, तेव्हा "तिथंच रिट याचिका टाकू" असंही लोक विचारतात. खासगी डॉक्टरच्या चुकीसाठी तो मार्ग नाही.

केसच्या धावपळीत पायाकडे दुर्लक्ष करू नका. इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. वीस महिन्यांत जे आलं नाही ते आपोआप येईल का, की आता ऑपरेशनचा विचार करायचा, हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर दोघांना विचारा. नसेची तपासणी पुन्हा करा. उपचाराला ती उपयोगी, आणि आयोगापुढेही ताजा रिपोर्ट लागेल. बालवाडीच्या बाईंना एकदा भेटा. पट्टा लावून तो नाचू शकतो, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्यांना दाखवा. बहुतेक त्या तो पडेल म्हणून घाबरल्या असतील.

"त्याला तिथं मीच नेलं होतं" असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही पोराला धनुर्वात, डांग्या खोकला, घटसर्प होऊ नये म्हणून नेलं होतं. त्यासाठी घरातले साडेतीन हजार मोडले. सुई तुमच्या हातात नव्हती. उलटतपासणीत वकील तुम्हाला हेच विचारेल, "तुम्ही बघत होतात, मग थांबवलं का नाही?" उत्तर आत्ताच मनाशी पक्कं करा: मला जागा माहीत नव्हती, त्यांना असायला हवी होती.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की पुढचा डोस थांबवायचा नाही. पाच वर्षांचा डीपीटीचा डोस दंडात असतो, कुल्ल्यात नाही, पायातही नाही. सरकारी केंद्रात न्या. सिस्टरला आधीच सांगा की याला एकदा इजा झालेली आहे, तिला दंडावर बोट ठेवून जागा दाखवायला सांगा, आणि सुई दिल्यावर कार्डावर "उजवा दंड" असं तिच्याच हातानं लिहून घ्या.